काजळीला कारण नाही

खेळातल्या त्या बाईचं नाव काजळी. सात शहरांचा उजेड तिने काढून घेतला आणि डोंगरावरच्या आपल्या घरात कोंडून ठेवला. खेळणाऱ्याने हातात भाला घेऊन डोंगर चढायचा, वाटेत तिच्या पहारेकरणींशी झुंजायचं, वर पोचून तिला हरवायचं आणि उजेड खाली आणायचा. मोबाईलवरचा हा खेळ निघाला तेव्हा कंपनीने सगळ्या जाहिराती भालेवाल्या नायकाच्या केल्या होत्या. आज त्या नायकाचं नाव विचारलं तर खेळणारे डोकं खाजवतात. काजळीचं नाव कुणी विसरत नाही, आणि तिने ते का केलं यावर दोन माणसांचं एकमत होत नाही.

काजळीला आवाज देणारी बाई सकाळच्या पाळीत बस आगारात घोषणा करते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, कुणाचं पोर चौकशीच्या खिडकीशी रडत उभं आहे. आवाज जाड, सरळ, कुठेही न लाडावलेला. गाडी रद्द झाल्याचं ती ज्या सुरात सांगते त्यानंतर खिडकीशी भांडायला कुणी येत नाही, असं आगारप्रमुखांचं म्हणणं आहे.

घरी तिला भोंगा म्हणतात. लहानपणी तिने परसातून हाक मारली की पुढच्या रस्त्यावरचा अनोळखी माणूस थांबायचा, त्यावरून थोरल्या भावाने हे नाव ठेवलं. एकदा तो डबा द्यायला आगारात आला आणि ‘भोंगा आहे का आत?’ असं विचारून गेला. त्या दिवसापासून आगारातही तेच.

दुपारनंतर ती टायरच्या दुकानावरच्या एका स्टुडिओत जाते. खाली हवा भरायचा पंप सुरू झाला की वर रेकॉर्डिंग थांबतं. काचेपलीकडच्या छोट्या खोलीत पंखा लावता येत नाही, तो ऐकू येतो. घड्याळ, किल्ल्या, गळ्यातली साखळी बाहेर ठेवायची. आत जाण्याआधी एक केळं खायचं, कारण रिकामं पोट गुरगुरतं आणि माइक ते इमानेइतबारे टिपतो. या खोलीत तिने आजवर खाष्ट सासवा, चेटकिणी, तुरुंगाच्या वॉर्डन आणि एक बोलणारी म्हैस अशी कामं केली. म्हैस गाजली. गोड आवाज हवा असेल तिथे तिला कुणी बोलवत नाही आणि तिचीही तशी तक्रार नाही.

काचेच्या बाहेर दोघं बसतात. एक रेकॉर्डिस्ट, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात आणि जे दिवसभरात दहा-बारा वाक्यं बोलत असतील. दुसरा दिग्दर्शक. प्रत्येक टेकनंतर तो म्हणतो, “एकदम छान! आता फक्त...” आणि मग सगळंच बदलायला सांगतो. भोंगा आणि मास्तर यांच्यात त्याचं नाव आताफक्त असं आहे.

या धंद्याची एक रीत आहे. कलाकाराने हट्ट धरला की दिग्दर्शक वाद घालत नाही. तो म्हणतो, “तुमचाच ठेवू हो, पण एक माझ्यासारखा देऊन ठेवा, सेफ्टीला.” हा सेफ्टीचा टेक कपाटात ठेवायला म्हणून घेतात आणि शेवटी नेमका तोच लावतात. भोंगाला हे एका मलमाच्या जाहिरातीने शिकवलं. तिने सांधेदुखी सरळ आवाजात सांगितली होती. सेफ्टीला म्हणून एकदा ‘आई गंऽऽ’ करून विव्हळली. पुढे कित्येक महिने बसचे कंडक्टर तिला पाहिलं की गुडघा धरून वाकायचे. तेव्हापासून ती सेफ्टी देत नाही.

काजळीचा पहिला भाग रेकॉर्ड झाला तेव्हा शेवटच्या प्रसंगात नायक विचारतो, “का केलंस हे?” कागदावर लिहिलं होतं: काजळी बराच वेळ हसते, मग म्हणते, मला हवा होता. भोंगा हसलीच नाही. बसच्या वेळा सांगाव्यात तसं तिने सांगितलं, “मला हवा होता.”

“एकदम छान!” आताफक्त म्हणाला. “आता फक्त ते हसू. चांगलं खदाखदा.”

“हसायला काय झालं? तिला हवा होता, तिने घेतला. यात विनोद कुठे आहे?”

“खलनायिका आहे, ताई. खलनायिका हसते.”

“आमच्या आगारप्रमुखांनी माझी रजा नाकारली तेव्हा ते हसले नव्हते.”

तेवढ्यात खाली ट्रक आला आणि पंप सुरू झाला. स्टुडिओची वेळ संपत आली होती. हसू राहून गेलं.

त्या तीन शब्दांनी खेळ चालवला. इंटरनेटवर खेळणाऱ्यांचे तट पडले. एक तट म्हणतो काजळी दुखावलेली आहे, तिच्यावर नक्की काहीतरी गुदरलं. दुसरा म्हणतो ती डोक्याने गेलेली आहे. तिसरा हिशेबी आहे: शहरं उजेडाची नासाडी करत होती, तिने धडा शिकवला. आणि एक छोटा, फारसा लोकप्रिय नसलेला तट म्हणतो की बाईने उत्तर दिलेलं आहे, तुम्ही ऐकत का नाही?

दुखावलेल्यांच्या तटातली सर्वांत कट्टर खेळाडू भोंगाच्या घरातच आहे. ती तिची वहिनी. साठीला आलेली, गुडघ्यांनी हैराण, एरवी भाजीवाल्याशीही आवाज न चढवणारी ही बाई कुकरच्या शिट्ट्या होईस्तोवर ओट्याला टेकून पहारेकरणींना भाल्याने लोळवते.

“एवढं करून ठेवलं ते उगाच?” एका संध्याकाळी वहिनीने मोबाईलवरून नजर न काढता विचारलं. “काहीतरी झालं असणार बिचारीला.”

“बिचारी? तुला आत्ताच तिने कड्यावरून ढकललंय.”

“ढकलू दे. डोळ्यांत बघा ना तिच्या, वन्सं. माणूस असा आपोआप होत नाही.”

“डोळे संगणकावर काढलेत. आवाज मी दिलाय. मला विचार.”

“तुम्ही काय सांगणार? तुम्ही कधी काही सांगितलंय?”

बोलणं काजळीवरून घसरलं आहे हे दोघींना कळलं होतं.

भोंगाचं लग्न झालं होतं आणि ते तिने मोडलं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. शांत माणूस. हिला बरं नसलं की भांडी घासायचा, पगारावर हक्क सांगायचा नाही, चढ्या आवाजात बोलायचा नाही. एके दिवशी तिने बॅग भरली आणि माहेरी आली. बैठकीच्या खोलीत वडील, काका, भाऊ, आत्या असे सगळे बसले आणि प्रश्न सुरू झाले. पितो का? नाही. बाहेर कुणी आहे? नाही. सासू छळते? सासू नाहीच. मग का?

“मला तिथे राहायचं नाही.”

“ते कळलं. पण का?”

“तेच सांगतेय.”

काकांनी पंख्याकडे पाहिलं. वडिलांनी पुन्हा तोच प्रश्न केला. तिने पुन्हा तेच उत्तर दिलं. शेवटी आत्या तिला आतल्या खोलीत घेऊन गेली. आत्या व्यवहारी बाई. तिने दार लोटलं आणि म्हणाली, “मारतो म्हण. एवढं एक म्हण, पुढचं मी बघते.”

“मारत नाही.”

“अगं, म्हणायला काय जातं?”

“त्याचं जातं.”

बाहेर येऊन तिने सगळ्यांसमोर सांगितलं की माणूस चांगला आहे, काही दोष नाही, आणि मी परत जाणार नाही. हे कुणालाच झेपलं नाही. नवऱ्याने छळलेल्या मुलीला घरात जागा होती. नुसत्याच निघून आलेल्या मुलीचं काय करायचं ते ठाऊक नव्हतं. वडील पुढे तिच्याशी बसच्या वेळांपलीकडे बोलले नाहीत. भावाने बरीच वर्षं घरी बोलावलं नाही. ती भाड्याच्या खोल्या बदलत राहिली. वडील गेल्यावर वहिनीनेच वरची खोली रिकामी केली, गादी उन्हात टाकली आणि नवऱ्याला सांगितलं, “त्यांनी फार सोसलंय, बोलत नाहीत एवढंच.” वहिनीची माया खरी होती. फक्त ती उभी होती कधीच न झालेल्या मारहाणीवर. भोंगा नाही म्हणाली की वहिनी आणखी प्रेमाने वाढायची.

दुसऱ्या भागाच्या रेकॉर्डिंगला खेळाची लेखिका स्वतः आली. चष्मा लावणारी, भराभर बोलणारी, पहिल्या भागातले ते तीन शब्द आपले आहेत याचा योग्य तो अभिमान असलेली. या वेळी तिने काजळीला मोठं स्वगत लिहिलं होतं. लहानपणी सावत्र आईने कोंडून घातलेली मुलगी, अंधारात तापाने फणफणलेला धाकटा भाऊ, दिवा मागायला दार ठोठावत राहिलेली ती, कुणीच न येणं. शेवटी काजळी हुंदके देत म्हणते, म्हणून मी ठरवलं, कुणालाच उजेड मिळू द्यायचा नाही.

भोंगाने उभ्या उभ्या ते वाचलं आणि स्टँडवर पालथं ठेवलं.

“हे नाही होणार.”

“एकदम छान लिहिलंय हो,” आताफक्त माइकवरून म्हणाला. “आता फक्त वाचा.”

“लिहिलंय चांगलं. दुसऱ्या कुणासाठी तरी लिहिलंय.”

लेखिका काचेजवळ आली. “ताई, लोक तिला राक्षसीण म्हणतात. मला तिला माणूस करायचंय.”

“हवं असणं माणसाचं नाही का? ते फक्त राक्षसांचं?”

“पण असं नुसतं हवं म्हणून सात शहरं अंधारात घालणं... त्यामागे जखम असल्याशिवाय...”

“नायकाची जखम कुठेय? पहिल्या भागात तो माझ्या पहारेकरणी कापत सुटलाय. एकीने तर फक्त दार लावून घेतलं होतं. त्याच्या लहानपणाचं पान कुणी लिहिलं नाही.”

मास्तर हसले. हेडफोन लावलेला असल्यामुळे त्यांना वाटलं आपण मनात हसलो.

“तो वाचवायला निघालाय,” लेखिका म्हणाली.

“त्याला निघायचं होतं, तो निघाला. कुणी विचारलं नाही. बाईने काही घेतलं की आधी तिला रडवून घ्यायचं, मग माफ करायचं. मला माफी नकोय. हरवा ना मला, भाल्याने हरवा. पण दया करू नका.”

ती ‘मला’ म्हणाली. लेखिकेने ते ऐकलं.

“बरं, तुमचंच राहू दे,” आताफक्त म्हणाला. “एक फक्त सेफ्टीला...”

भोंगाने हेडफोन काढून खिळ्याला टांगला.

दोन दिवसांनी कंपनीच्या मालकांचा फोन आला. माणूस सभ्य होता. मालिकांमधल्या एक प्रसिद्ध अभिनेत्री काजळी करायला तयार आहेत, असं त्यांनी सांगितलं. तरी आपली पहिली पसंती तुम्हीच. गुरुवारी या, स्वगत द्या, तिसरा भागही तुमचाच. नाही दिलं तर काजळी त्यांच्याकडे जाईल.

भोंगाला काजळी सोडायची नव्हती. आयुष्यभर सासवा आणि म्हशी केल्यावर हाताला लागलेली ही पहिली बाई होती, जिच्यासाठी आवाज बदलावा लागत नव्हता. गुरुवारपर्यंत ती आगारात नीट काम करत होती, फक्त एका गाडीला तिने दोनदा चुकीचा फलाट दिला. घरी भावाने पेपरातून डोकं वर न काढता सल्ला दिला, “चार वाक्यं रडून टाक. तुझ्या घरचं काय जातंय?” वहिनीला ते स्वगत ऐकायची उत्सुकता होती आणि ती लपवता येत नव्हती.

गुरुवारी स्टुडिओत गेल्यावर मास्तर माइकची उंची लावायला आत आले. नेहमी हे काम ते बाहेरूनच सांगून करून घेत. वाकून स्क्रू पिळताना ते म्हणाले, “आज ओरडा आधी लावलाय.”

गेमच्या कामात ओरडा म्हणजे बिनशब्दांचं सगळं: मार बसल्याचा, मार देतानाचा, पडल्याचा, भाजल्याचा, मरतानाचा आवाज. त्याने गळा फाटतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी घेतात. याला अपवाद नसतो. आधी ओरडा आणि मग स्वगत, याचा अर्थ एवढाच की स्वगताला येईपर्यंत आवाज चिरलेला, ओला, हलता असेल. कलाकार रडो न रडो, रडल्यासारखं आयतंच ऐकू येईल.

“दिसलं,” भोंगा म्हणाली.

ती तेव्हाच निघू शकली असती. निघाली नाही. ओरडा काजळीचा होता आणि तो तिला द्यायचा होता. भाला लागल्याचे, पहारेकरणींना हुकूम सोडल्याचे, कड्यावरून पडतानाचे, पडून उठतानाचे आवाज तिने एकामागून एक दिले, राखून काही ठेवलं नाही. खाली टायरवाल्याने हातातला पाना ठेवून वर पाहिलं. मरतानाचा आवाज मागितला तेव्हा तिने किंकाळी दिली नाही. दात आवळून घेतलेला एक श्वास दिला आणि तो सोडलाच नाही. लेखिका खुर्चीत पुढे सरकून बसली.

“एकदम छान!” आताफक्त खरोखरच खूश होता. “आता फक्त ते स्वगत. आवाज काय मस्त बसलाय! मास्तर, चालू ठेवा.”

भोंगाने पाणी प्यायलं. कागद उचललाच नाही. ती माइकच्या अगदी जवळ गेली आणि फाटलेल्या आवाजात म्हणाली, “यातलं काहीही झालेलं नाही.”

मग तिने घड्याळ, किल्ल्या, साखळी उचलली आणि जिना उतरली.

काजळी गेली. दुसऱ्या भागाच्या जाहिरातीत अभिनेत्रीचा फोटो होता, मोठा, काळ्या पदराने अर्धा चेहरा झाकलेला. भोंगाने तो आगाराबाहेरच्या फलकावर रोज पाहिला आणि त्याच्याखालून जाणाऱ्या गाड्यांच्या घोषणा केल्या. सहकाऱ्यांनी विचारलं तर सांगायची, “मला काढलं.” कुणी हळहळलं की म्हणायची, “हळहळू नका, मी रडले नाही म्हणून काढलं.”

खेळ निघाला त्या रविवारी लेखिकेचा फोन आला. ती अडखळत होती. स्वगत अभिनेत्रीनेच म्हटलंय, ती म्हणाली. पण ओरडा तुमचाच ठेवलाय, तो दुसऱ्या कुणाला जमला नाही. आणि आणखी एक वाक्यही ठेवलंय. मास्तरांची टेप चालू होती. मालकांना ते धक्का म्हणून आवडलं.

“मला विचारलं नाहीत.”

“विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात.”

“म्हणाले असते. ते काजळीचं वाक्य नव्हतं.”

“मला माहितीये, ताई. म्हणूनच ठेवलं. काढून टाकू?”

“ठेवा. पण माझं नाव लावा, छोटं नाही, तिच्या बरोबरीने. आणि पुढच्या वेळी न विचारता वापरलंत तर आगारातून रोज तुमच्या कंपनीचं नाव घेऊन घोषणा करीन.”

त्याच संध्याकाळी वहिनी डोंगर चढून वर पोचली. काजळी गुडघ्यांवर बसली होती, उजेड तिच्यामागे कोंडलेला. गोड, ओल्या आवाजात तिने सगळं सांगितलं: कोंडलेली खोली, तापलेला भाऊ, न उघडलेलं दार. वहिनीने पदराने डोळे टिपले. पडद्यावर दोन पर्याय आले, भाला रोखून धरा किंवा भाला खाली ठेवा. वहिनीने जराही विचार न करता भाला खाली ठेवला.

काजळी उठली. आणि जाड, चिरलेला, घरातल्या सगळ्यांच्या ओळखीचा आवाज आला, “यातलं काहीही झालेलं नाही.” पुढच्याच क्षणी वहिनी कड्यावरून खाली गेली.

“फसवलं!” वहिनी ओरडली. भावाचा पेपर खाली पडला. “वन्सं, हे काय? मी रडले की हो!”

“मी नाही रडवलं. ती दुसरी होती.”

वहिनी मोबाईलकडे बघत बसली. मग तिने तो ओट्यावर ठेवला आणि नणंदेकडे वळली.

“एक विचारू? शेवटचं.”

“विचार.”

“त्यांनी खरंच कधी हात उगारला नाही?”

“नाही.”

“पीतही नव्हते?”

“चहा.”

“आणि तुम्ही तरीही...”

“हो.”

“मग मी इतकी वर्षं...” वहिनी थांबली. तिच्या चेहऱ्यावर आधी फसल्याचा राग आला, मग दुसरंच काहीतरी. भावाने पेपर उचलला, पण तो वाचत नव्हता. “तुम्हाला नुसतं राहायचं नव्हतं.”

“नव्हतं. खोली रिकामी करून हवी असेल तर सांग.”

“खोलीचं कुणी काढलंय?” वहिनी जोरात म्हणाली. भाजीवाल्याने ऐकलं असतं तर दचकला असता. “बोलायची सोयच नाही तुमच्याशी. सरका जरा, उजेडात येताय.”

तिने मोबाईल उचलला आणि पुन्हा पायथ्यापासून सुरुवात केली. डोंगर चढली, पहारेकरणी पाडल्या, वर पोचली. काजळी गुडघ्यांवर बसून हुंदके देऊ लागली. वहिनीने पूर्ण ऐकून घेतलं. दोन पर्याय आले. तिने भाला रोखून धरला आणि म्हणाली, “ऊठ. नीट उभी राहा आणि लढ.”